प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज नव्याने घेताना: रोजचे काम आणि त्यातूनच शिकवायचे तंत्रज्ञान

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपाल असे स्वतंत्र पद नसते. जूनमध्ये कामाचे वाटप होते, पोषण आहार एकाकडे, परसबाग दुसऱ्याकडे जाते आणि ग्रंथालयाची किल्ली बहुधा नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाच्या हाती पडते. अलीकडे त्या किल्लीबरोबर टॅब, लॅपटॉप आणि टीव्ही यांची जबाबदारीही येते, कारण ही साधने त्याच खोलीत ठेवलेली असतात. सातारा जिल्ह्यातील जावळीच्या डोंगरातील एका लहान शाळेत आणि त्यानंतर खटाव तालुक्यातील सातवीपर्यंतच्या शाळेत मी हे काम केले आहे. पहिल्या दिवशी काय मागावे, कशावर सही करावी आणि मुलांना नेमके काय शिकवावे हे सांगणारे कोणी जवळ नसले, तर पहिले वर्ष गोंधळात जाते. तो गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये यासाठी ही माहिती क्रमाने मांडत आहे.

तंत्रज्ञानाविषयी माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ग्रंथालयाच्या रोजच्या कामात जी गरज निर्माण होते, तिच्यासाठीच संगणक आणि टॅब मुलांच्या हाती द्यावेत. यादी करायची आहे म्हणून टंकलेखन शिकायचे, पुस्तक सापडत नाही म्हणून शोध घ्यायला शिकायचे, दोन ठिकाणी दोन माहिती मिळाली म्हणून पडताळणी शिकायची. अशा रीतीने शिकलेले मुलांच्या लक्षात राहते आणि शिक्षकालाही वेगळा अभ्यासक्रम तयार करावा लागत नाही.

आधी जमवायची कागदपत्रे आणि साधने

- ग्रंथालयाच्या सर्व दाखल नोंदवह्या, ज्यांत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकासह नोंद असते, कितीही जुन्या आणि फाटक्या असल्या तरी
- देवघेव नोंदवही, म्हणजे वाचायला दिलेल्या आणि परत आलेल्या पुस्तकांची नोंदवही
- जडवस्तू संग्रह नोंदवही, ज्यात कपाटे, टॅब, लॅपटॉप आणि टीव्ही यांची नोंद असते
- मागील चार्ज यादी, म्हणजे कार्यभार सोपवताना केलेली यादी, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्यांसह
- पुस्तक खरेदीची बिले आणि देणगीची पत्रे
- ग्रंथालयासंबंधी शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव, तसेच पूर्वी पुस्तके निर्लेखित केली (रीतसर नोंदवहीतून कमी केली) असल्यास त्याचे कागद
- उपकरणांची हमीपत्रे, चार्जर आणि पासवर्ड
- शाळेचा शिक्का, न पुसणाऱ्या शाईचे पेन, रंगीत चिकटपट्ट्या, मैद्याची खळ, पातळ कागद, मऊ ब्रश, सुती कापड आणि दोन पेन ड्राइव्ह

१. मोजल्याशिवाय सही करू नका

चार्ज यादीत ‘पुस्तके एकूण’ असा एक आकडा लिहिलेला असतो आणि त्यापुढे सहीची जागा असते. बदलीच्या धावपळीत देणाऱ्याला जायची घाई असते, घेणाऱ्याला भीड वाटते आणि सही होऊन जाते. पुढे मोजणी झाली की कमी भरलेल्या पुस्तकांचे उत्तर तुम्हाला द्यावे लागते. मुख्याध्यापकांना विनंती करून मोजणीसाठी दोन दिवस मागून घ्या. जुनी दाखल नोंदवही समोर ठेवून प्रत्येक क्रमांकापुढे पेन्सिलीने खूण करा आणि जी पुस्तके मिळाली नाहीत त्यांची यादी चार्ज यादीला जोडून तिच्यावर दोघांच्या सह्या घ्या. यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. अनेक वर्षांची तूट साठत आलेली असते आणि ती कागदावर आल्याने जुन्या सहकाऱ्याचीही सुटका होते.

टॅब मोजताना प्रत्येक टॅब चालू करून पाहा आणि मागील बाजूचा अनुक्रमांक नोंदवहीतल्या क्रमांकाशी जुळवा. बॅटरी फुगलेला टॅब चार्जिंगला लावू नका. तो वेगळा ठेवून मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

२. पुस्तकांचे तीन गठ्ठे करा

मोजणी चालू असतानाच हे काम उरकते. पहिल्या गठ्ठ्यात मुले लगेच वाचू शकतील अशी पुस्तके ठेवा, दुसऱ्यात शिवण सुटलेली किंवा पाने निसटलेली दुरुस्तीची पुस्तके ठेवा आणि तिसऱ्यात मुलांच्या उपयोगाची नसलेली पुस्तके ठेवा. तिसरा गठ्ठा अनेक शाळांत सर्वांत मोठा निघतो, कारण देणगी म्हणून मोठ्यांच्या कादंबऱ्या, जुनी मार्गदर्शके, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि कार्यालयीन अहवाल येऊन पडलेले असतात. ही पुस्तके कपाटाच्या दर्शनी भागातून हलवली तरी मुलांना आपली पुस्तके दिसू लागतात. मात्र नोंद असलेले कोणतेही पुस्तक स्वतःच्या मनाने रद्दीत घालू नका. त्यासाठी यादी, समितीचा ठराव आणि वरिष्ठांची मंजुरी या क्रमानेच निर्लेखन करावे लागते.

दुरुस्तीसाठी पारदर्शक चिकटपट्टी वापरण्याचा मोह टाळा. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि निघताना अक्षरे घेऊन निघते. पातळ कागद आणि खळ यांनी जोडलेले पान अधिक टिकते. पाचवीच्या पुढची मुले हे काम मन लावून करतात.

३. दाखल नोंदवही नीट करा

दाखल क्रमांक, दिनांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठे, किंमत, पुस्तक कोठून मिळाले, बिल क्रमांक आणि शेरा इतके रकाने पुरतात. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती आल्या तर प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक द्या. हरवलेल्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला कधीही देऊ नका, कारण तसे केल्यास जुन्या नोंदी आणि बिले यांचा मेळ कायमचा तुटतो. शिक्का शीर्षक पानावर, शेवटच्या पानावर आणि शाळेने ठरवलेल्या एका आतल्या पानावर उमटवा. आतल्या पानाचा क्रमांक सर्व पुस्तकांसाठी एकच ठेवावा, म्हणजे पुठ्ठा आणि पहिले पान गेले तरी पुस्तक ओळखता येते.

४. मांडणी मुलांना कळेल अशी करा

मोठ्या ग्रंथालयांत वापरली जाणारी अमेरिकन ग्रंथपाल ड्यूई यांची दशांश पद्धत १८७६ पासून प्रचलित आहे आणि तिच्यात ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग केलेले आहेत. ती शिक्षकाला माहीत असावी, परंतु काही शे पुस्तकांच्या शाळेत दशांश चिन्हाचे क्रमांक लावून मुलांना काहीच मिळत नाही. त्याऐवजी चित्रकथा, गोष्टी, कविता, चरित्रे, विज्ञान, आपला परिसर आणि संदर्भ अशा सहा-सात विभागांना एकेक रंग द्या आणि पुस्तकाच्या कण्यावर खालून समान उंचीवर त्या रंगाची पट्टी लावा. विभागांची नावे मुलांकडूनच ठरवून घेतली तर उत्तम. आमच्या शाळेत ‘प्राणी आणि भुते’ असा विभाग मुलांनी आग्रहाने मागितला आणि सर्वाधिक देवघेव त्याच फळीवरून होत असे.

वर्गीकरण म्हणजे काय हे समजावण्यासाठी सातारा जिल्ह्यातील शिक्षकांना घराजवळ एक उत्तम साधन उपलब्ध आहे. पाचगणीजवळचे भिलार हे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून जाहीर झाले. तेथे एखाद्या घरात बालसाहित्य, दुसऱ्यात चरित्रे, तिसऱ्यात इतिहास अशी एकेका साहित्यप्रकाराची मांडणी केलेली आहे आणि घराबाहेर तसा फलक आहे. क्षेत्रभेट तेथे नेलीत तर मुलांना आधी एक कामगिरी द्या: आपल्या शाळेतल्या पाच पुस्तकांची नावे लिहून न्यायची आणि ती भिलारमधल्या कोणत्या घरात ठेवता येतील ते ठरवायचे. एखादे पुस्तक दोन घरांत बसते असे मुलांच्या लक्षात येते आणि त्यावर वाद सुरू होतो. तो वाद थांबवू नका, कारण पुढे संगणकावर शोधशब्द निवडताना हीच समज कामी येते. सहल शक्य नसेल तर गावाचे छायाचित्र टीव्हीवर दाखवून वर्गातही हा उपक्रम करता येतो.

५. देवघेव: ग्रंथालयाचे खरे काम

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत असे म्हटले आहे. पुस्तके बहुतेक शाळांत आहेत, पण ती कुलपात आहेत. पुस्तक हरवले तर आपल्याकडून वसुली होईल ही भीती शिक्षकाच्या मनात असते आणि कुलूप हा त्या भीतीवर सर्वांत सोपा उपाय ठरतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम ग्रंथ उपयोगासाठी असतात असा आहे. म्हणून चार्ज घेतल्यावर होणाऱ्या पहिल्याच समिती बैठकीत एक ठराव मांडा: पुस्तके मुलांना घरी वाचायला दिली जातील, वापरामुळे होणारी नैसर्गिक झीज व अल्प हानी समितीला मान्य राहील, आणि हरवलेल्या पुस्तकांची यादी दरवर्षी समितीपुढे ठेवली जाईल. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना दाखवून ठेवा. हा कागद हाती असला की शिक्षक निश्चिंत मनाने कपाट उघडतो.

रोजचा क्रम असा ठेवता येईल. परिपाठापूर्वी खोली उघडून खिडक्या उघडाव्यात आणि आदल्या दिवशी परत आलेली पुस्तके जागेवर लावावीत. मधल्या सुट्टीतली शेवटची दहा मिनिटे कोणत्याही वर्गाला देवघेवीसाठी खुली ठेवावीत. याशिवाय प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक पूर्ण तासिका द्यावी आणि तिच्यात निम्मा वेळ शांत वाचनासाठी राखून ठेवावा. द्विशिक्षकी शाळेत एवढी सवड मिळत नाही. तेथे पुस्तके पेटीत भरून वर्गातच ठेवावीत आणि दर महिन्याला दोन वर्गांनी पेट्या बदलाव्यात.

चौथीपासून पुढच्या प्रत्येक वर्गातून ग्रंथालयाच्या कामात मदत करणारे दोन ग्रंथमित्र निवडा आणि दर महिन्याला जोडी बदला. हे काम केवळ हुशार मुलांना देण्याची पद्धत मला पटत नाही. वाचनात मागे असलेले मूल ग्रंथमित्र झाले की दिवसभर त्याला शीर्षके वाचावी लागतात, क्रमांक लावावे लागतात, लहान मुलांना उत्तरे द्यावी लागतात, आणि महिन्याभरात त्याच्या वाचनात पडलेला फरक पालकांनाही जाणवतो.

देवघेव नोंदवहीत दिवसाला एक पान न ठेवता मुलाला एक पान द्या. दिवसाच्या पानावरून किती पुस्तके गेली एवढेच कळते, तर मुलाच्या पानावरून ते काय वाचते, कशावर अडले आहे आणि किती दिवसांत त्याने काहीच नेले नाही हे एका नजरेत दिसते. पहिली-दुसरीच्या मुलांनी फक्त दाखल क्रमांक लिहिला तरी चालेल. संख्यालेखनाचा सराव त्यातच होतो.

पुस्तक झेपेल की नाही हे मुलानेच ठरवावे, यासाठी पाच बोटांची रीत शिकवा. कोणतेही एक पान उघडायचे आणि न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचे. पान संपण्यापूर्वी मूठ झाली तर ते पुस्तक काही महिन्यांनी घ्यायचे. तरीही मुलाला तेच पुस्तक हवे असेल तर द्या. चित्रे पाहण्यासाठी पुस्तक नेणे हेही वाचनाकडेच जाणे आहे.

प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून आणण्याची सक्ती मात्र कृपया करू नका. सारांशाच्या धास्तीने मुले पातळातले पातळ पुस्तक नेतात आणि नंतर नेतच नाहीत. आठवड्यातून दोन मुलांनी परिपाठात एक मिनिट आपल्या पुस्तकाविषयी बोलावे, एवढे पुरेसे आहे.

ऊसतोडीच्या हंगामात सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत बीडकडची आणि इतर भागांतली मुले आई-वडिलांबरोबर येतात आणि काही महिन्यांसाठी आपल्या शाळेत बसतात. ही मुले पुस्तक परत न करता निघून जातील या शंकेने त्यांना देवघेवीतून वगळले जाते. ते योग्य नाही. त्यांच्यासाठी नोंदवहीत वेगळी पाने ठेवा, मूळ शाळेचे नाव लिहा, आणि कोपीत (ऊसतोड कामगारांच्या झोपडीत) पुस्तक ओले होऊ नये म्हणून सोबत प्लास्टिकची पिशवी द्या. ऊसतोड कामगारांची टोळी परत निघण्याचा अंदाज तिच्या मुकादमाकडून आधी कळू शकतो. कर्नाटकच्या सीमेवरील जतच्या बाजूला शाळा असेल तर घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी दोन्ही भाषांतील चित्रकथा ठेवल्यास ती लवकर रुळतात.

पुस्तक हरवल्यास दंड घेऊ नये. दंडाची बातमी घरोघरी पोहोचते आणि ‘शाळेचे पुस्तक घरी आणायचे नाही’ असा नियम पालकच करतात. पालकांशी बोलून शोध घ्यावा, न सापडल्यास नोंदवहीत शेरा लिहावा आणि विषय तेथेच संपवावा.

६. यादी संगणकावर आणा

पूर्ण ग्रंथालय चालवणारी कोहासारखी मुक्त संगणकप्रणाली उपलब्ध आहे, पण तिची उभारणी आणि देखभाल प्राथमिक शाळेच्या आवाक्याबाहेर जाते. साधी तक्ता-फाइल पुरते. लिब्रेऑफिसमध्ये ती इंटरनेटशिवाय चालते, त्यामुळे नेटवर्क नसलेल्या डोंगरातल्या शाळेलाही अडचण येत नाही. रकाने दाखल नोंदवहीप्रमाणेच ठेवा आणि त्यात ‘रंग’ व ‘इयत्ता’ असे दोन रकाने वाढवा.

येथे नवीन माणूस हमखास अडतो अशा जागा सांगतो. पहिली अडचण फॉन्टची असते. जुन्या यादीत कृतिदेव किंवा तत्सम फॉन्ट वापरलेला असेल तर दुसऱ्या संगणकावर केवळ इंग्रजी चिन्हे दिसतात आणि शोध चालत नाही. म्हणून सर्व नोंदी युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी अक्षरे मराठीच दिसतील अशा पद्धतीतच करा. दुसरी अडचण अधिक छुपी आहे. ‘ॲ’ हे अक्षर एका कळीने एकत्रही उमटते आणि ‘अ’ला चंद्र देऊनही तयार होते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात आणि पुस्तक असूनही सापडत नाही. तसेच लेखकाच्या आद्याक्षरांमध्ये एकाने जागा सोडली आणि दुसऱ्याने सोडली नाही तर एकच लेखक यादीत दोनदा दिसतो. पहिल्या नोंदीपूर्वीच शाळेपुरते नियम ठरवून भिंतीवर लावा आणि मूळ फाइल दोन पेन ड्राइव्हवर ठेवून त्यांपैकी एक कार्यालयात द्या.

नोंदी भरण्याचे काम पाचवी ते सातवीच्या मुलांकडून करून घ्या. एकाने पुस्तक पाहून वाचायचे, दुसऱ्याने टंकित करायचे आणि तिसऱ्याने पडद्यावर तपासायचे, अशी तिघांची तुकडी चांगली चालते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाणित कळफलकात स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात, त्यामुळे जोडाक्षर कसे बनते हे बोटांना कळते आणि शुद्धलेखनही सुधारते.

७. तंत्रज्ञानाच्या तासिका

पहिली-दुसरीच्या मुलांना टीव्हीवर चित्रकथा दाखवून एकत्र वाचन घ्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार विनामूल्य मिळतात आणि मुक्त परवान्यामुळे लेखक-चित्रकारांचा नामनिर्देश ठेवून त्या छापताही येतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंकही ऑनलाइन वाचायला खुले आहेत. या वयात टॅब मुलांच्या हाती देण्याची घाई नको. पडद्यावरच्या ओळीखाली काठी फिरवत मोठ्याने वाचण्यात अधिक लाभ आहे.

तिसरी-चौथीला क्यूआर कोडपासून सुरुवात करा. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधून उघडून दाखवा आणि मग किराणा दुकानातल्या कोडविषयी विचारा. हा कोड म्हणजे एक पत्ता आहे, तो कोठे नेईल हे उघडण्याआधी दिसत नाही, म्हणून अनोळखी कोड मोठ्यांना विचारल्याशिवाय उघडायचा नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, ही गोष्ट मुले घरी जाऊन सांगतात आणि तिचा उपयोग आजी-आजोबांना होतो. आर्थिक फसवणुकीसाठीचा १९३० हा मदत क्रमांकही त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावा.

पाचवीला पुस्तकाच्या मागच्या आयएसबीएन क्रमांकाचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचा खेळ द्या. १३ अंकांतील पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला ३ ने, तिसऱ्याला पुन्हा १ ने असे आळीपाळीने गुणून सर्वांची बेरीज केली की तिला १० ने निःशेष भाग जातो. भाग गेला नाही तर क्रमांक उतरवताना चूक झाली आहे. चूक स्वतःच पकडता यावी अशी सोय माणसांनी अंकांतच करून ठेवली आहे, हे पाहून मुले हरखतात आणि कपाटातली पुस्तके काढून गणिते करत बसतात. जुन्या मराठी पुस्तकांवर हा क्रमांक नसतो, म्हणून आपल्या यादीचा आधार मात्र दाखल क्रमांकच ठेवा.

सहावी-सातवीसाठी पडताळणी हा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यासाठी आपल्या जिल्ह्यातलेच एक उदाहरण मी दरवर्षी घेतो. ‘कोयनेचा भूकंप कधी झाला आणि तो किती तीव्रतेचा होता?’ हा प्रश्न फळ्यावर लिहावा. शोधण्यापूर्वी प्रत्येक गटाने कागदावर शोधशब्द लिहावेत, कारण पूर्ण प्रश्न तसाच टाकण्यापेक्षा ‘कोयना भूकंप १९६७’ असे मोजके शब्द निवडायला मुलांनी शिकले पाहिजे. मग एका गटाने ऑनलाइन मराठी विश्वकोश पाहावा, दुसऱ्याने विकिपीडिया, तिसऱ्याने छापील पुस्तक, आणि चौथ्याने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे. विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आपल्या वाईत उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, ही माहितीही येथे द्यावी.

उत्तरे जमली की फळ्यावर ती वेगवेगळी दिसतात. तीव्रता कोठे ६.३, कोठे ६.५, कोठे ६.६ अशी आढळते. तारीख बहुतेक ठिकाणी ११ डिसेंबर १९६७ असते, परंतु काही आंतरराष्ट्रीय नोंदींत १० डिसेंबर सापडते. येथे लगेच उत्तर सांगू नका. मुलांना तर्क करू द्या आणि मग समजावून सांगा की भूकंप पहाटे सव्वाचारच्या सुमारास झाला, जागतिक प्रमाणवेळ भारताच्या साडेपाच तास मागे असते, त्यामुळे त्या वेळेनुसार आदल्या दिवसाची रात्र होती. दोन्ही तारखा बरोबर आहेत. तीव्रतेचे आकडे मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलतात. एखादी नोंद वेगळी दिसली म्हणजे ती खोटीच असे नव्हे, आणि पहिल्यांदा सापडली म्हणून खरीच असेही नव्हे, हे या एका तासिकेत जितके उतरते तितके कोणत्याही व्याख्यानाने उतरत नाही. पाटण तालुक्यातल्या शाळांत तर त्या पहाटेची आठवण सांगणारे आजी-आजोबा अजून आहेत. परवानगी घेऊन त्यांचे बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि दिनांक, नाव व गाव लिहून ते शाळेच्या संग्रहात ठेवावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी मुले विचारतातच. अशा बहुतेक सेवांना किमान वयाची अट असते आणि ती सहसा १३ वर्षांची किंवा त्याहून अधिक असते, म्हणून मुलांना खाती उघडायला लावू नका. शिक्षकाने स्वतः टीव्हीवर दाखवावे आणि प्रश्न आपल्या गावाविषयी विचारावा: ग्रामदैवत, यात्रेचा महिना, जवळचा ओढा. ज्या गोष्टी मुलांना पक्क्या ठाऊक आहेत त्यांच्यात चूक निघाली की ठाम भाषा आणि खरी माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना लगेच पटते.

८. परवानगी, छायाचित्रे आणि पीडीएफ

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिची वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी पालकांची संमती लागते. वर्षाच्या सुरुवातीला पालक सभेत संमतीपत्र भरून घ्या. नाव, इयत्ता आणि चेहरा एकत्र दिसेल असे छायाचित्र सार्वजनिक ठिकाणी टाकू नका. पुस्तक धरलेले हात दाखवले तरी उपक्रमाची नोंद होते.

शिक्षकांच्या गटांवर पुस्तकांच्या पीडीएफ फिरत असतात. त्या ग्रंथालयाच्या टॅबमध्ये भरू नका. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले झाले आहे. मात्र नव्या आवृत्तीतील चित्रे आणि प्रस्तावना यांवर दुसऱ्या कोणाचा हक्क असू शकतो. हा हिशेब मुलांकडूनही करून घेता येतो.

९. पाऊस, वाळवी आणि धूळ

जावळी, महाबळेश्वर, पाटण किंवा शिराळा या भागांत पुस्तकांचा खरा शत्रू बुरशी आहे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, सर्वांत खालची फळी जून ते सप्टेंबर रिकामी ठेवा आणि उघडीप मिळाली की दारे उघडून वारा खेळू द्या. बुरशी आलेले पुस्तक वेगळे करून सावलीत वाळवावे आणि तोंडाला रुमाल बांधून ब्रशने पुसावे; हे काम मुलांना देऊ नये. वाळवी आणि कसर (कागद खाणारी कीड) यांसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवता येतो. डांबराच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागतील अशा ठिकाणी मुळीच ठेवू नयेत, त्या विषारी असतात. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत ओल कमी पण धूळ फार, म्हणून आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसणे आणि टॅब झाकून ठेवणे पुरते.

कृष्णाकाठच्या शाळांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. तेथे दाखल नोंदवही वरच्या फळीवर ठेवावी आणि तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र शाळेबाहेर सुरक्षित ठेवावे. पुस्तके गेली तरी काय गेले याचा पुरावा राहतो.

१०. खरेदी

समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ग्रंथालयासाठी वार्षिक ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. पुस्तके निवडण्यापूर्वी मुलांच्या पानांवरून कोणत्या रंगाची पुस्तके अधिक गेली ते पाहा. साताऱ्यात ग्रंथमहोत्सव भरतो तेव्हा दोन ग्रंथमित्रांना सोबत न्यावे; एकेका पुस्तकाची पाने उलटून मुले जशी निवड करतात तशी यादी पाहून आपल्याला करता येत नाही. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी फलक छापण्यावर खर्च करण्यापेक्षा त्या रकमेत चार चित्रकथा घ्याव्यात.

११. वर्षअखेर

मोजणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. त्यासाठी सर्व पुस्तके परत मागवण्याची गरज नाही. कपाटातली पुस्तके आणि देवघेवीत बाहेर असलेली पुस्तके यांची बेरीज एकूण संख्येशी जुळली म्हणजे झाले. त्यानंतर मे महिन्याच्या सुट्टीसाठी प्रत्येक मुलाला दोन-तीन पुस्तके घरी द्यावीत, कारण वाचायला सर्वांत अधिक वेळ त्याच काळात असतो. टॅब अर्धे चार्ज करून बंद करावेत आणि थंड, कोरड्या कपाटात ठेवावेत. न मिळालेल्या आणि फाटलेल्या पुस्तकांची यादी समितीपुढे ठेवून तिची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी. तुमची बदली झाली असेल तर नव्या शिक्षकाबरोबर बसून पुस्तके मोजून द्यावीत, तक्ता-फाइल उघडून दाखवावी, आणि सर्व पासवर्ड बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांकडे देऊन त्याची पोच घ्यावी.